पंच म्हणून सही

"शेतकरी कुठंय?"

तालुक्याहून आलेल्या साहेबानं विचारलं. तोंडाला रुमाल, काखेत फाईल, पायात बूट. बांधावरच उभा होता. खाली उतरायची त्याची तयारी नव्हती. खाली सगळी सडलेली टरबुजं पडली होती आणि पाय ठेवला की पचकन पाणी उडायचं.

"मीच," मी म्हणाले.

त्यानं माझ्या मागं बघितलं. मागं विहीर होती, मोटारीची पेटी होती. माणूस कोणी नव्हता. मग तो जरा मोठ्यानं म्हणाला, "बाई, शेतकरी कुठंय म्हणलं. मालक."

"मालक परभणीला असतेत. शेत मी करते. बटईनं."

"म्हणजे कामाला हायस."

"कामाला न्हाई साहेब. बटईनं. निम्म्यानं."

"तेच की."

साहेबासोबत शेजारच्या शेताचा मालक होता. सगळं गाव त्याला आप्पा म्हणतं, मीही म्हणते. आप्पा रुमालाच्या आतून हसला. साहेबानं मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवला आणि भरायला लागला. गट नंबर. क्षेत्र. पीक टरबूज. नुकसान पूर्ण. शेतकऱ्याचं नाव म्हणून सातबाऱ्यावरचं नाव, म्हणजे परभणीच्या मालकांचं. मी त्यांना सर म्हणते. तिथंच उभी होते मी, मोटारसायकलच्या दुसऱ्या बाजूला. मला त्यानं काही विचारलं नाही. कधी लावलं, किती रोपं लावली, व्यापारी कधी येणार होता, काही नाही.

पंचनाम्याला दोन पंच लागतात. पहिली सही आप्पानं केली. साहेबानं त्याच्या हातात पेन दिलं, त्यानं सही करून साहेबाच्या हातात परत दिलं. मग साहेबानं ते पेन बांधावरच्या दगडावर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरकला.

"उचल. कोरोना हाय, हातात देता येत न्हाई. पंच म्हणून सही कर. अंगठा असंल तर शाई हाय."

मी सही केली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मला कोणी धीट समजू नये. दहावी शिकलेली बाई मी, पूर्ण नावानिशी सही केली. सहीच्या वर छापलेलं होतं की आम्ही समक्ष पाहिले, ते खरे आहे. पंच म्हणजे वाटेनं जाणारा माणूस. ज्याचं काही गेलं नाही, ज्यानं फक्त बघितलं. माझ्या हातानं लावलेल्या पिकाची मी बघणारी झाले. मोटारसायकल गेली आणि मी तिथंच दगडावर बसून राहिले. रडू आलं नाही. शरम वाटली. कशाची, ते तेव्हा कळत नव्हतं.

तो पहिल्या टाळेबंदीचा उन्हाळा. नवरा पुण्यात एका सोसायटीवर वॉचमन होता आणि तिथंच अडकला होता. घरात मी आणि सासू. आमची वस्ती बौद्धांची, गावाच्या दक्षिणेला, शेत तिथून पाऊण तासाच्या वाटेवर, गोदावरीच्या अंगाला. जानेवारीत मी वाफे पाडले, ठिबकच्या नळ्या ओढल्या, प्लास्टिक अंथरलं, रोपं लावली. बियाणं-खतात माझा निम्मा वाटा होता. नवऱ्यानं पुण्याहून पाठवलेलं होतं ते सगळं त्यात घातलं. कष्ट मात्र निम्मे नव्हते. कष्ट सगळे माझे होते. वेल पसरला की फळाखाली काड घालावं लागतं, एका अंगावर पडून राहिलं तर डाग पडतो म्हणून हलक्या हातानं फिरवावं लागतं. कोणतं फळ कोणत्या वाफ्यात कधी धरलं ते मला पाठ होतं. बोटानं टकटक केलं की पिकलं का कच्चं ते आवाजावरून सांगायचे.

पाडव्याच्या आठवड्यात व्यापारी येणार होता. सौदा झाला होता. गाड्या बंद झाल्या आणि व्यापाऱ्याचा फोनही बंद झाला. सोनपेठचा बाजार भरेना, परभणीचा भरेना. पंधरा दिवस मी रोज शेतात जाऊन बसायचे. करायला काही नव्हतं. फळं उन्हानं तडकायची, त्याचा आवाज यायचा. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. वाटेनं कोणी जात नव्हतं आणि गेलं तरी लांबून जायचं. घरी सासूला सांगावं तर तिला ऐकायला कमी येतं. नवऱ्याचा फोन लागायचा तेव्हा तोच रडवेला असायचा. मी टरबुजांशी बोलायला लागले होते, हे आज सांगायला लाज वाटत नाही.

एक दिवस वाटलं, वस्तीत लोकांच्या चुली धड पेटत नाहीत, निदान पोराबाळांनी खाऊ देत. मी सरांना फोन लावला.

"सर, माल वस्तीत वाटून टाकते. सडण्यापरीस बरं."

"नको, नको," सर म्हणाले. "तसं करू नकोस. ज्यांचा माल शेतात सडला त्यांना सरकार मदत देणार आहे. पंचनामा होईल. शेत रिकामं दिसलं तर काय पंचनामा करणार? आहे तसं राहू दे."

आहे तसं राहू दिलं. वस्तीतल्या बायांनी विचारलं तर सांगितलं, सर नको म्हणलेत. एक म्हातारी मला म्हणाली, "माय, तुजं हाय ना त्ये?" मी सरांचं ऐकलं, कारण सरांचं ऐकायची मला लहानपणापासूनची सवय.

ते गावच्या शाळेत मला शिकवायला होते. पाचवीत त्यांनी माहितीचा तक्ता भरायला घेतला. एकेकाला उभं करून विचारायचे, वडील काय करतात. माझी पाळी आली. मी म्हणाले, "शेती." वर्ग हसला. सर हसले नाहीत, ते कधीच कुणाला हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "शेती नाही बाळ, शेतमजुरी. नीट सांगावं." आणि तसं लिहिलं. मी खाली बसले. सरांनी मारलं नाही, रागावले नाहीत, म्हणून घरी सांगण्यासारखंही काही नव्हतं. वर्षानुवर्षं मला वाटत आलं की चूक माझीच होती.

पुढं सर निवृत्त झाले, परभणीत बंगला बांधला आणि गावातली सगळी जमीन बटईनं दिली. त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांचा एकट्याचा नव्हता. गावातल्या सगळ्याच मालकांचा होता. दोन पाडव्यांच्या वर एका माणसाकडं एक शेत ठेवायचं नाही. तिसऱ्या पाडव्याला त्याला उठवायचं, दुसरीकडं टाकायचं नाहीतर घरी बसवायचं. कागद कधीच करायचा नाही. सातबाऱ्यावर पीकपाण्याच्या रकान्यात कसणाऱ्याचं नाव एकदा लागलं की तो कूळ म्हणून हक्क सांगेल, ही त्यांची भीती. म्हणून आमची नावं कुठंच नव्हती. सर फोनवर "यंदा कर" म्हणायचे आणि आम्ही करायचो. त्या शेतात माझं ते दुसरं वर्ष होतं.

मदतीची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीला चिकटली. यादीवर गावातली ती नावं होती ज्यांची पोरं पुण्या-मुंबईला आहेत आणि ज्यांची शेतं आमच्या वस्तीनं केली. सरांचं नाव होतं. ज्या नऊ घरांनी त्या साली बटई केली त्यातलं एकही नव्हतं. यादीसमोर अंतरावर उभं राहायला चुन्याचे गोल आखलेले होते. वस्तीतल्या बाया गोलांच्याही बाहेर, लिंबाखाली थांबल्या होत्या. कुणी सांगितलेलं नव्हतं. आमचे पाय आपोआप तिथं थांबतात. त्या दिवशी मी एका गोलात जाऊन उभी राहिले आणि यादी दोनदा वाचली. माझ्या मागं कोणी आलं नाही.

सरांना फोन केला. "सर, आपल्या टरबुजाची मदत आली म्हणं. निम्मी कदी करायची?"

सर म्हणाले, "अगं पोरी, ती मदत शेतकऱ्याला असते." आणि मग, "पण तुझं मी बघतो. काळजी करू नकोस."

रस्ते उघडल्यावर ते स्वतः आले. का आले ते मला नंतर कळलं. साहेबापुढं मी "मीच" म्हणाले होते, ते आप्पानं फोन करून त्यांच्या कानावर घातलं होतं. "तुमची बाई शेतकरी म्हणवून घ्यायलीय," असं. एवढ्या एका शब्दानं सर कार घेऊन परभणीहून निघाले.

मी शेतात सडका वेल ओढून बांधाला टाकत होते. फोन आला.

"मी शेतात उभा आहे. तू कुठे आहेस?"

"मीबी शेतातच हाय सर."

"मला तर दिसत नाहीस."

मी मान वर करून चारी बाजूला बघितलं. तिसऱ्या बांधापलीकडं, आप्पाच्या कापसाच्या पऱ्हाट्यांत, पांढऱ्या शर्टातला माणूस फोन कानाला लावून उभा होता. एका हातानं मोबाईल, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीतला कागद.

"सर," मी म्हणाले, "ते तुमचं न्हाई. ते आप्पाचं हाय. तुमचं हिकडं हाय, विहिरीपाशी."

ते तिकडून चालत आले. सत्तरीचे आहेत, धाप लागली होती. म्हणाले, "बरीच वर्षं येणं झालं नाही ना. झाडं कमी झालीत, ओळखू येत नाही." खजील झाले होते, तेही मी बघितलं. मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी आत काहीतरी सरळ झालं. पाचवीपासून वाकलेलं होतं ते.

त्यांनी पिशवीतून कागद काढला. शंभराचा स्टॅम्प. वर्गात उतारा वाचून दाखवायचे तसा सावकाश वाचून दाखवला. सदर शेतात मी रोजंदारीने मजूर म्हणून काम करते, सदर शेताशी व पिकाशी माझा कोणताही संबंध वा हक्क नाही व भविष्यात राहणार नाही.

"फक्त औपचारिकता आहे," सर म्हणाले. "सही कर. मदतीतले निम्मे मी तुला आत्ता देतो. रोख. आणि पुढच्या पाडव्यालाही शेत तुझ्याकडेच. दोन वर्षं झाली तरी. तुझ्यासाठी नियम मोडतो, बघ. गाडीत किराण्याचं किटही आणलंय."

निम्मे. शेत. किराणा. घरात तेल संपलेलं होतं, खोटं कशाला बोलू. सही केली असती तर त्या दिवशी संध्याकाळी सासूला भजी तळून घातली असती. सरांनी पेन माझ्या हातात दिलं, हातातून हातात. तेवढं त्यांना कळत होतं.

मी पेन धरून उभी राहिले. संबंध नाही. या माणसाला त्याचं शेत मी दाखवलं होतं, दहा मिनिटांपूर्वी. आणि माझा संबंध नाही, असं मीच लिहून द्यायचं होतं.

"न्हाई सर," मी म्हणाले. "सही न्हाई करत."

"का? काय चुकलंय त्यात?"

"मी मजूर न्हाई. पीक मी केलं."

"कोणी नाही म्हणतंय का? पण कागदावर..."

"कागदावरच पायजे सर."

सर रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. म्हणाले, "पोरी, विचार कर. तुझ्याच पायावर धोंडा पाडून घेतेयस. तुझ्या जागी दुसरी कोणीही मिळेल मला."

"मिळंल सर," मी म्हणाले. "पण साहेबापुढं पंच म्हणून सही केली, ती चूक झाली माजी. दुसरी न्हाई करायची."

किट त्यांनी तरीही बांधावर उतरवून ठेवलं. गाडी वळवत होते तोवर मी ते उचललं आणि मागच्या सीटवर नेऊन ठेवलं. दार मीच लावलं.

पुढचं काही अभिमानानं सांगण्यासारखं नाही. नवरा फोनवर म्हणाला, "कामून नडायलीस? सही करायची अन् निम्मे घ्यायचे की. लय शहाणी झालीस." सासूनं आठ दिवस माझ्या हातचं खाल्लं, पण बोलली नाही. पुढच्या पाडव्याला सरांनी ते शेत माझ्या जाऊबाईला दिलं. तिनं तो कागद करून दिला, अंगठा लावून. मला न सांगता. मला कळलं ते ती रोपांचे ट्रे डोक्यावर घेऊन माझ्या दारावरून गेली तेव्हा. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. तिला चार लेकरं आहेत. मी तिला दोष देत नाही, पण त्या दिवशी दार लावून मी खूप रडले.

वस्तीतलंही वागणं बदललं. मालक लोक आता सगळ्यांकडूनच तसला कागद मागायला लागले होते आणि ते माझ्यामुळं झालं, असं बायांचं म्हणणं. म्हणणं खोटं नव्हतं. नळावर मी गेले की बोलणं थांबायचं. पौर्णिमेला विहारात वंदनेला बसले की माझ्या दोन्ही अंगाला सतरंजी मोकळी असायची. मी समोर बघून वंदना म्हणायचे. तिथंही मला चुन्याचा गोल आखून दिल्यासारखं वाटायचं, आणि या वेळी तो आपल्याच माणसांनी आखला होता. तो जास्त लागला.

मग मी अर्ज लिहिला. कोणाकडून लिहून घेतला नाही. वहीच्या पानावर, माझ्या अक्षरात, दहा ओळी. त्या साली त्या शेतात टरबुजाचं पीक मी केलं. पीकपाण्याला कसणारी म्हणून माझं नाव लावा. जमीन मागितली नाही, मदत मागितली नाही. सोनपेठला तहसीलमध्ये नेऊन दिला. आत घेणारा कारकून म्हणाला, "बाई, मदत तर कवाच वाटून झाली. आता नाव लावून काय भेटणार तुला?"

"मदतीसाठी न्हाई," मी म्हणाले.

"मग कशासाठी?"

"मी केलं म्हणून."

त्यानं माझ्याकडं वेड्या बाईकडं बघावं तसं बघितलं. पण पोच दिली. ती पोच मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी पोलक्यात घालून घरी आणली.

तारखा पडत राहिल्या. एकदा तहसीलचा साहेब नव्हता, एकदा सरांचे वकील नव्हते, एकदा सगळे होते तर लाईट नव्हती. मी दुसऱ्यांच्या रानात रोजानं निंदायला, कापूस वेचायला जाते. तारखेला तो रोज बुडतो. एसटीनं एकटी जाते, एकटी येते. डबा सोबत नेते आणि तहसीलच्या भिंतीच्या सावलीला बसून खाते. तिथं सगळे कोणा ना कोणाबरोबर आलेले असतात.

गेल्या तारखेला सुनावणी खरंच झाली. साहेब नवा होता, तरणा. त्यानं माझा अर्ज मन लावून वाचला. सर आले नव्हते, वकील होता. वकिलानं पंचनाम्याची नक्कल पुढं केली आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं. "साहेब, ही बाई स्वतः पंच आहे. पंच तिऱ्हाईत असतो. पीक हिचं असतं तर हिनं पंच म्हणून सही केली असती का?"

साहेबानं माझ्याकडं बघितलं. "ही सही तुमची?"

"माजी."

"मग?"

"मग काय साहेब. पेन दगडावर ठिवलं, उचल म्हणले, मी उचललं. शेतकरी म्हणून सही करायला जागाच नव्हती मला त्या कागदावर. चुकलं माजं. म्हणूनच आलेय."

वकील हसला. साहेब हसला नाही. त्यानं विचारलं, "तुम्ही पीक केलं हे सांगणारं कोणी आहे? साक्षीदार?"

मी आप्पाचं नाव दिलं होतं, जाऊबाईचं दिलं होतं. दोघांच्या दारी मी स्वतः जाऊन आले होते. आप्पा म्हणाला होता, "बगू." जाऊबाईनं दार उघडलं नव्हतं, आत असून. शिपायानं बाहेर जाऊन दोन्ही नावं पुकारली. दोनदा पुकारली. मी दाराकडं बघत राहिले. कोणी उठलं नाही.

"साक्षीदार नसतील तर अर्ज निकाली काढावा लागेल, बाई," साहेब म्हणाला. चांगल्या तोंडानं म्हणाला.

"आनते."

"कुठून आणणार? गावातलं कोणी येत नाही, दिसतंय ना."

"पुडची तारीख द्या," मी म्हणाले. "न्हाई आलं कोणी तर तवाबी मी येईन, अन् त्याच्या पुडची मागीन. तुमची बदली झाली तर नव्या साहेबाला मागीन."

त्यानं तारीख दिली. पुढच्या महिन्यातली आहे. त्या दिवशीही रोज बुडणार, सोबत कोणी येणार नाही, हे मला माहीत आहे. जाऊबाईच्या दारी मी त्याच्या आदल्या दिवशी पुन्हा जाणार आहे. तिचाही तिसरा पाडवा आता जवळ येतोय आणि तिलाही उठवतील, तेव्हा ती दार उघडेल का नाही, मला सांगता येत नाही. पण ज्या शेतात कसणाऱ्याचं नाव लिहिलं जाणार नाही त्या शेतात या गावात मी पुन्हा बी टाकणार नाही, मालक कितीही गोड बोलला तरी. उपाशी झोपले तरी. आणि पुन्हा कधी कोणता साहेब बांधावर येऊन शेतकरी कुठंय म्हणून विचारील, तर त्यानं आधी कागदावर माझ्या नावाची ओळ आखावी. मगच मी पेन उचलीन.